एरी ॲस्टरचे पिक्चर खरंच घाबरवतात का? साउंडवाल्याचं लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की एरी ॲस्टर या अमेरिकन दिग्दर्शकाचं एवढं नाव ऐकून त्याचा ‘हेरेडिटरी’ बघितला, लॅपटॉपवर, रात्री जेवण झाल्यावर, आणि अर्ध्यातच झोप आली, तर हे पिक्चर खरंच भीतीदायक आहेत की चार हुशार लोकांनी डोक्यावर घेतले म्हणून आपण पण घ्यायचे. शिवाय त्याचाच ‘मिडसोमार’ घरच्यांबरोबर बसून बघण्यासारखा आहे का. मी अंधेरीला साउंड एडिटिंग आणि मिक्सिंग करतो, बरीच वर्षं झाली, आणि त्यात हॉररची कामं भरपूर आली, त्यामुळे माणूस नक्की कशाने घाबरतो हा माझ्यासाठी रोजीरोटीचा विषय आहे. उत्तर लांबणार. आणि पिक्चरमध्ये काय घडतं ते सांगितल्याशिवाय यावर बोलताच येत नाही, तेव्हा बघायचे राहिले असतील त्यांनी इथेच थांबा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘हेरेडिटरी’ भीतीदायक आहे, गेल्या काही वर्षांत आलेल्या पिक्चरमध्ये सगळ्यात वरच्या रांगेतला, पण शेवटचा भाग सोडून. ‘मिडसोमार’ घाबरवत नाही, तो छळतो, आणि तेच त्याला करायचं असतं. ‘ब्यू इज अफ्रेड’ हॉरर म्हणून बघायला गेलास तर फसशील. आणि तुला झोप आली त्यात निम्मा हात तुझ्या लॅपटॉपचा आहे, ते पुढे सांगतो.

आधी आपण लोकांना कसं घाबरवतो ते बघ, म्हणजे ॲस्टर काय करत नाही ते कळेल. नेहमीचा सीन घे, बाई अंधाऱ्या पॅसेजमधून चाललीये, आम्ही काय करतो, ॲम्बियन्स, म्हणजे आजूबाजूचे आवाज, हळूहळू खाली ओढतो, पंखा गेला, बाहेरचं ट्रॅफिक गेलं, रातकिडे गेले, फक्त तिचा श्वास आणि फोलीवाल्याने (पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत करून देणारा) केलेली पावलं, मग एक-दीड सेकंद काहीच नाही, आणि मग धाडकन स्टिंग, म्हणजे दचकवायचा मोठा आवाज. त्या स्टिंगमध्ये असतं काय तर पत्रा घासल्याचा आवाज, उलटा फिरवलेला झांजेचा आवाज, दोनचार किंकाळ्या एकावर एक, आणि खाली सबमध्ये (एकदम खालच्या आवाजांचा स्पीकर) एक दणका. याने दचकायला तुला पिक्चर आवडायची गरज नाही, गोष्ट कळायचीही गरज नाही. अचानक मोठा आवाज झाला की डोळ्याची पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटते, मेंदूला कळायच्या आधी, बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांची. म्हणून प्रोड्यूसरला स्टिंग आवडतो, तो कधी फेल जात नाही. एका कमी बजेटच्या हॉररच्या फायनल मिक्सला आमचे प्रोड्यूसरसाहेब मागे सोफ्यावर बसून दर शांत जागेला म्हणायचे, ‘इधर खाली लग रहा है यार, कुछ डालो ना’. आम्ही डालत गेलो. शेवटी पिक्चरमध्ये मांजर आलं तरी दणका, दूधवाला आला तरी दणका, आणि तिसऱ्या रीलनंतर कोणाला काहीच वाटेना कारण शरीर पण शिकतं ना, चारपाच वेळा उगाच दचकवलंस की सहाव्या वेळी ते ढिम्म.

पण स्टिंगची खरी गंमत वेगळीच आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या लोकांनासुद्धा पटायला वेळ लागतो. तो दणका म्हणजे भीती नाही, तो दणका म्हणजे भीती संपल्याची घंटा. त्याच्या आधीच्या दीड सेकंदात तू घाबरलेला असतोस, आणि दणका झाला की पब्लिक एकदम हसतं, शेजारच्याचा हात सोडतं, पॉपकॉर्न उचलतं. कुकरची शिट्टी झाली की आतलं प्रेशर जसं उतरतं तसं. थिएटरात हॉररला लोक एवढे हसतात ते पिक्चर वाईट असतो म्हणून नाही, प्रेशर बाहेर पडतं म्हणून.

ॲस्टर शिट्टी होऊच देत नाही. त्याचं सगळं कसब या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं, बाकी पंथ, राक्षस, फुलं, अस्वल वगैरे सगळं नंतरचं.

‘हेरेडिटरी’तला ॲक्सिडेंट आठव. मोठा भाऊ पीटर आईच्या आग्रहामुळे धाकट्या बहिणीला, चार्लीला, पार्टीला घेऊन जातो, तिथे ती केक खाते, केकमध्ये अक्रोड, तिला ॲलर्जी, घसा सुजायला लागतो, हा तिला गाडीत घालून हॉस्पिटलकडे सुसाट निघतो, श्वास मिळत नाही म्हणून ती खिडकीतून डोकं बाहेर काढते, रस्त्यात मेलेलं जनावर दिसतं म्हणून हा गाडी वळवतो आणि बाहेरचा खांब. इथपर्यंत कोणीही शूट केलं असतं. आता पुढचं बघ. दुसऱ्या कोणी त्या क्षणी म्युझिक फोडलं असतं, मागच्या सीटचा शॉट दाखवला असता, पीटरला किंचाळायला लावलं असतं, आणि प्रेक्षक ‘बापरे’ म्हणून मोकळा झाला असता. इथे गाडी थांबते आणि कॅमेरा पीटरच्या चेहऱ्यावर जाऊन बसतो. ॲलेक्स वुल्फ नावाचा पोरगा आहे, डोळ्यात पाणी जमतंय पण पडत नाही, आरशात बघायची हिंमत होत नाही. आवाज जवळजवळ नाहीच. मग तो गाडी सुरू करतो, घरी येतो, कोणाला काही न सांगता पलंगावर जाऊन पडतो. सकाळ होते, कॅमेरा अजून त्याच्या उघड्या डोळ्यांवर, आणि लांब कुठेतरी खाली आई घरातून निघाल्याचे, गाडीकडे गेल्याचे आवाज. तुला माहितीये ती आता काय बघणार आहे. त्यालाही माहितीये. आणि आपण दोघंही पडून ऐकतोय.

मग आईची किंकाळी. फ्रेमच्या बाहेरून.

मी साउंडवाला म्हणून सांगतो, ही किंकाळी मोठ्या आवाजात नाहीये. लांबून येते, भिंतींमधून गाळून आल्यासारखी. तिथे दणका नाही, तो सीन घडून गेल्यावर सुद्धा कोणी तुला ‘झालं बाबा, घे श्वास’ असं सांगत नाही. म्हणून तिथे कोणी हसत नाही. त्यानंतर तो एकदाच, रस्त्याच्या कडेला काय पडलंय ते दाखवतो, मुंग्यांसकट, लख्ख उन्हात, आणि आईचं रडणं त्याच्यावरून चालूच. तुला इथे झोप आली असेल तर भावा तू आधीच झोपला होतास.

दुसरी जागा, पीटर रात्री खोलीत जागा होतो तो सीन. खोलीत अंधार, आणि वर कोपऱ्यात भिंतीला चिकटून त्याची आई बसलेली आहे. कॅमेरा तिच्याकडे जात नाही, म्युझिक तिच्याकडे बोट दाखवत नाही, कट नाही काही नाही. कोणाला दुसऱ्या सेकंदाला दिसते, कोणाला सातव्या, कोणाला दिसतच नाही आणि मग बाजूचा सांगतो. मी हा सीन नवीन असिस्टंट पोरांना मुद्दाम दाखवतो, स्टुडिओत लाइट घालवून, आणि पिक्चरकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसतो. एकेकाचा चेहरा वेगवेगळ्या वेळी उतरतो, आणि एकदा का तुला ती दिसली की पुढच्या पूर्ण पिक्चरमध्ये तू प्रत्येक फ्रेमचे कोपरे तपासत बसतोस, तिथे काही नसलं तरी. म्हणजे तुला घाबरवायचं काम त्याने तुझ्याच गळ्यात घातलं. आमच्याकडे अशा सीनला एडिटवर पहिला प्रश्न येतो, ‘ऑडियन्स को दिखेगा क्या?’, आणि मग झूम, लाल गोल सोडून बाकी सगळं.

हे काम कॅमेऱ्यातही पहिल्यापासून चालू असतं. पिक्चरमधली आई छोट्या प्रतिकृती बनवते, घरं, खोल्या, माणसं, आणि पहिल्याच शॉटमध्ये कॅमेरा अशा एका बाहुलीच्या खोलीत सरकत जातो आणि ती खोली खरी होते, पीटर पलंगावर झोपलेला. घराचं आतलं शूटिंग सेटवर केलंय, भिंती काढता येतील असं घर बांधून, त्यामुळे कॅमेरा खऱ्या खोलीत जिथे भिंत असती तिथे मागे जाऊन उभा राहू शकतो. तुला कारण कळत नाही पण कोणीतरी वरून बघतंय असं वाटत राहतं. दिवसाचा रात्रीत कट पण तसाच, बटण दाबल्यासारखा टक्.

आणि आवाज. चार्ली जिभेने टाळूवर ‘टॉक’ करते, लहान पोरं करतात तसं. पहिल्या अर्ध्या तासात तो आवाज तुझ्या ओळखीचा होतो, थोडा चीड आणणारासुद्धा. ती गेल्यावर तोच ‘टॉक’ परत ऐकू येतो. एवढंच. याला ना सब लागतो ना बजेट, आमच्या फोलीवाल्याने माईकसमोर उभं राहून दोन मिनिटांत करून दिला असता. भूत म्हणून काही दाखवायलाच नको, तुझ्या कानाने ते काम केलेलं असतं. बाकी म्युझिक कॉलिन स्टेटसनचं आहे, हा माणूस सॅक्सोफोन वाजवतो, मोठा बेस सॅक्स, आणि श्वास न तोडता वाजवायचं तंत्र आहे त्याच्याकडे, म्हणून ते म्युझिक कुठे सुरू झालं आणि कुठे थांबलं तेच सापडत नाही, खालच्या खाली काहीतरी धडधडत राहतं. माणूस सूर संपला की सैल पडतो ना, ती संधीच नाही.

पण मला विचारशील तर त्या पिक्चरमधला सगळ्यात भयंकर सीन जेवणाच्या टेबलावरचा आहे, जिथे भूतबित काही नाही. आई आणि पोरगा समोरासमोर, बाप मध्ये, आणि आई झालेली टोनी कोलेट जे बोलायला लागते ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की परत घेता येत नाही. आपल्याकडे ज्यांनी रत्नाकर मतकरी वाचलेत त्यांना ही भीती नवीन नाही, साधं मध्यमवर्गीय घर, सगळं जागच्या जागी, आणि त्यातल्या त्यातच काहीतरी नासलेलं. ॲस्टरचं बलस्थान हेच आहे, त्याला घरातली माणसं एकमेकांना कशी मारतात ते कळतं. सैतान त्याला तेवढा कळत नाही.

आता माझी तक्रार. शेवटच्या वीसेक मिनिटांत सगळं उघड होतं, पायमॉन नावाचा नरकाचा राजा, आजीचा पंथ, नागडी माणसं, झाडावरचं घर, मुकुट. दिसायला छान आहे, पण भीती तिथे उतरते, निदान माझी तरी. इतका वेळ मला माहीत नव्हतं की आई वेडी होतेय की खरंच काही आहे, आणि ते माहीत नसणं म्हणजेच तर भीती होती, आता फोटो अल्बम आणि पुस्तक उघडून मला सगळं समजावून सांगितलं जातंय. समजलं की माणूस निर्धास्त होतो. काही लोकांना नेमका उलटा अनुभव येतो, शेवटीच त्यांचा थरकाप होतो, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण अंधाऱ्या दारात हसत उभा असलेला एक माणूस मला त्या पूर्ण पंथापेक्षा जड गेला.

तुझ्यासारखीच तक्रार अमेरिकेतही झाली होती हे ऐकून बरं वाटेल. २०१८ च्या जूनमध्ये पिक्चर लागला, समीक्षक वेडे झाले होते, आणि तिथे सिनेमास्कोर म्हणून पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या पब्लिककडून मार्क घेतात त्यात याला डी प्लस मिळाला. म्हणजे जवळपास नापास. लोक हे आकडे दाखवून म्हणतात बघा, सामान्य माणसाला आवडला नाही. पण तो मार्क काय मोजतो ते बघ. तू जे समजून तिकीट काढलंस ते तुला मिळालं का, एवढंच. शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर दचकायला, ओरडायला, हसायला आलेल्या माणसाला तू घरातल्या मृत्यूचा दोन तासांचा शोक दाखवलास तर तो चिडणारच, घाबरला असेल तरी चिडणार. कदाचित घाबरला म्हणूनच. आणि तरी सुमारे १ कोटी डॉलरच्या पिक्चरने जगभरात ८ कोटींच्या वर धंदा केला, म्हणजे चिडलेल्यांनी घरी जाऊन कोणाला तरी सांगितलंच असणार.

आता लॅपटॉप. हे मी जरा चिडूनच लिहितोय कारण आमचं निम्मं आयुष्य यात वाया जातं. थिएटरच्या मिक्समध्ये खालच्या दणक्यांसाठी एक वेगळा चॅनल असतो, त्यात १२० हर्ट्झच्या खालचंच सगळं, छातीत जाणवतं ते. लॅपटॉपचे स्पीकर साधारण १५०-२०० च्या खाली मान टाकतात. वर स्टिरिओ करताना तो चॅनल बऱ्याचदा सरळ गाळलाच जातो. म्हणजे स्टेटसनचं जे धडधडणं मी वर सांगितलं ते तू ऐकलेलंच नाहीस, तुझ्यापर्यंत पोचली ती वरची साय. दुसरं म्हणजे शांतता. ॲस्टरचे निम्मे सीन अगदी बारीक आवाजांवर उभे आहेत, आणि मुंबईतल्या घरात रात्री अकरालासुद्धा पंखा, शेजारचा एसी, खाली रिक्षा, लांबून लोकल, कोणाच्या तरी घरात चालू असलेली सिरियल, हे सगळं त्या बारीक आवाजाच्या वर बसतं. ओटीटीसाठी आम्ही वेगळा मिक्स देतो, तिथे डायलॉगची सरासरी लाउडनेस ठरवून दिलेली असते, नेटफ्लिक्सची उणे २७ एलकेएफएस (लाउडनेस मोजायचं एकक), आणि डायलॉग त्या लेव्हलला बसवला की हळू आवाज आणखी हळू वाटतात, मग घरचे म्हणतात वाढव, मग एकदम किंकाळी आली की म्हणतात कमी कर, आणि रिमोट हातात धरून कोणी आजवर घाबरलेलं नाही.

थिएटरात सगळं ठीक असतं असं पण नाही. मिक्स करताना आम्ही फेडर, म्हणजे हॉलच्या आवाजाचा कंट्रोल, ७ वर धरतो, ते स्टँडर्ड आहे जगभरचं, आणि बऱ्याच हॉलमध्ये तो ५ च्या आसपास ठेवलेला असतो कारण पब्लिकने ट्रेलरच्या वेळी आवाज जास्त म्हणून कटकट केलेली असते. मग आपलं लाडकं इंटरव्हल. इंग्रजी पिक्चर इंटरव्हलसाठी लिहिलेला नसतो, तरी आपल्याकडे मध्येच कुठेतरी कापतात, लाइट लागतात, समोसा, रांग, बाथरूम, बायकोचा फोन. हिंदी हॉरर लिहितानाच इंटरव्हलचा दणका धरून लिहितात म्हणून तो तगतो. ज्या पिक्चरचा सगळा जोर तुला श्वास घेऊ न देण्यावर आहे त्याला पंधरा मिनिटांचा श्वास दिला की उरलं काय.

‘मिडसोमार’कडे येतो. २०१९ चा, १४७ मिनिटं, आणि डिरेक्टर्स कट १७१ मिनिटांचा आहे तो पहिल्यांदा बघू नकोस. स्वीडनमधली गोष्ट, शूटिंग हंगेरीत. डॅनी नावाच्या मुलीची बहीण गाडीच्या धुराने आईवडिलांना आणि स्वतःला संपवते, आणि ही मुलगी एका थंड पडलेल्या बॉयफ्रेंडच्या मागे मागे त्याच्या मित्रांबरोबर उन्हाळ्याच्या उत्सवाला जाते. माझ्या मते पिक्चरमधली खरी भीती या पहिल्या दहाबारा मिनिटांतच आहे, डॅनी झालेल्या फ्लॉरेन्स प्यूचं ते रडणं, जे रडणं कमी आणि आतून काहीतरी फाटल्यासारखं जास्त आहे, आणि त्याच्यातच म्युझिक मिसळतं, कुठे ती संपते आणि कुठे व्हायोलिन सुरू होतात कळत नाही. पुढे गावात पोचल्यावर उजेडच उजेड. रात्र जवळजवळ नाहीच. हॉररवाल्याचं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे अंधार, ते त्याने आपणहून खाली ठेवलं. आणि आमच्या बाजूने बघ, उघड्या माळावर आवाजाला भिंत नसते, प्रतिध्वनी नसतो, पॅसेजमध्ये पावलं घुमतात तसं काही घुमत नाही, सगळं कोरडं. त्यात भीती निर्माण करणं महाकठीण काम आहे.

आणि ती निर्माण होत नाहीच फारशी. ७२ वर्षांची झालेली म्हातारा-म्हातारी गावासमोर कड्यावरून उडी मारतात, आयुष्याचे १८-१८ वर्षांचे चार ऋतू झाले म्हणून, आणि म्हातारा लगेच मरत नाही म्हणून लाकडी हातोडा आणतात, ते बघताना तू तोंड फिरवशील, पोटात ढवळेल, पण मागे वळून अंधारात बघावंसं वाटणार नाही. भिववण्यापेक्षा तिथे काहीतरी वेगळंच चाललंय. त्या मुलीला कोणी आपलं म्हणत नाही, आणि शेवटी गावातल्या बायका तिच्याभोवती बसून ती रडते तसंच, श्वासाला श्वास लावून रडतात, आणि तुला, प्रेक्षकाला, वाटतं की बरं झालं, हिला माणसं मिळाली. कोणती माणसं, तर खुनी. पिक्चर संपतो तेव्हा तिच्याबरोबर तूही थोडं हसलेला असतोस, आणि घरी गेल्यावर ते बोचतं. याला तू भीती म्हणणार का ते तुझं तू ठरव, मी म्हणत नाही, पण पिक्चर म्हणून तो मला ‘हेरेडिटरी’पेक्षा जास्त वेळा बघावासा वाटला.

घरच्यांबरोबर? अजिबात नको. एक पूर्ण लांब सीन असा आहे की त्या वेळी आईबाबांबरोबर हॉलमध्ये बसलेला माणूस जमीन दुभंगून पोटात घे म्हणेल, आणि म्हातारा-म्हातारीच्या कड्यानंतर आजी घरात असतील तर विषय कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

‘ब्यू इज अफ्रेड’ २०२३ चा, १७९ मिनिटं, हिरो वाकीन फिनिक्स. पहिला तास, जिथे हा माणूस आपल्या बिल्डिंगच्या खाली उतरायलाच घाबरतो, तो जबरदस्त आहे आणि तो बघताना मी हसतच होतो. बाकी आईच्या धाकातल्या मुलाचं लांबलेलं दुःस्वप्न आहे, धंदा सपाटून पडला. आणि २०२५ चा ‘एडिंग्टन’ तर हॉररच्या खात्यात धरूच नको, कोरोनाच्या काळातल्या एका अमेरिकन गावातली भांडणं आहेत. तो माणूस हॉररमधून बाहेर पडत चाललाय, किंवा त्याला कधी हॉररवाला व्हायचंच नव्हतं, कारण ‘हेरेडिटरी’ पण त्याने आधी कौटुंबिक शोकांतिका म्हणूनच मांडला होता.

आपल्याकडे काय, हा प्रश्न नेहमी येतो म्हणून थोडं लिहितो. या शहराचा स्वतःचा कल्ट डायरेक्टर म्हणजे रामू, राम गोपाल वर्मा, आणि २००३ च्या ‘भूत’ने मुंबईकराची नस बरोबर पकडली होती, टॉवरमधला फ्लॅट, लिफ्ट, रिकामं पार्किंग, आणि आधी राहणाऱ्या बाईचं भूत. गाणी नाहीत पिक्चरमध्ये, त्या काळात हे मोठं धाडस. उर्मिला मातोंडकरने जे केलंय ते आजही बघ. पण रामूचा विश्वास दणक्यावर, त्याचा साउंड अंगावर येतो, आणि पुढे ‘फूंक’च्या वेळी, २००८ ला, थिएटरात एकट्याने पूर्ण पिक्चर बघून दाखवा आणि ५ लाख घेऊन जा अशी पैज लावली होती. पैज लावता येते ती दचकण्यावर. मुलाच्या खोलीत पडून आईची किंकाळी ऐकण्यावर कोण पैज लावणार.

‘तुंबाड’ त्याच २०१८ चा, राही अनिल बर्वेचा, मुळात नारायण धारपांच्या कथेची ठिणगी त्यात आहे. मला त्यातला पहिला भाग, घरात साखळीला बांधलेली आजी आणि बाहेर न थांबणारा पाऊस, हा सगळ्यात भारी वाटतो, पाऊस तिथे ॲम्बियन्स नाही, पात्र आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. आणि मराठीत विशाल फुरियाचा ‘लपाछपी’, २०१७ ला थिएटरात आलेला, पूजा सावंत, उसाचं शेत. उजेडात भीती कशी दाखवायची याचं उत्तर मला तरी स्वीडनच्या माळापेक्षा त्या उसात जास्त सापडतं, कारण उसात शिरलास की दोन हातांपलीकडे दिसत नाही आणि पात्यांची सळसळ सगळीकडून सारखीच येते, कोण आलं आणि वारा कुठला, कळणार नाही. हिंदीत त्याचा ‘छोरी’ झाला.

तेव्हा परत बघणार असशील तर ‘हेरेडिटरी’च बघ, हेडफोन लाव, कानावर पूर्ण बसणारे, साधे वायरवाले चालतील पण फोनबरोबर आलेले बारीक बुचं नकोत. पंखा बंद करता आला तर कर, मे महिना असेल तर राहू दे. पहिल्या पाच मिनिटांत डायलॉग नीट ऐकू येईल इथे व्हॉल्यूम लाव आणि मग हात लावू नकोस. मध्ये पॉज नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि पहिल्या पाऊण तासातल्या त्या गाडीच्या सीनला जर काहीच झालं नाही तर खुशाल बंद कर आणि मला शिव्या घाल, पुढचं तुझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी मी दणकेवाल्यांची वेगळी यादी देतो, ती पण माझ्याकडे भरपूर मोठी आहे, निम्म्यात माझंच नाव आहे.